सुट्टीच्या घंटेला खिचडीची रांग

शाळा सुटायची घंटा वाजली आणि अख्खी शाळा ताटं घेऊन रांगेत उभी राहिली.

मी व्हरांड्यात, भिंतीवर लावलेल्या आमच्या बेलच्या डब्याखाली उभी होते. हातात स्क्रू ड्रायव्हर होता आणि तोंडावर जमेल तेवढा प्रोफेशनल चेहरा. मुलं दप्तरं पाठीला लावून गेटकडे पळतील, अशी अपेक्षा होती. त्याऐवजी पाचवीचा वर्ग आला, दप्तरांतून ताटं निघाली आणि खिचडीच्या शेडसमोर रांग लागली. मागून सहावी आली. सातवी-आठवीची मुलं क्षणभर एकमेकांकडे बघत राहिली. पण आयती मिळणारी खिचडी कोण सोडतं? तीही रांगेत लागली.

शेडमधून खिचडी करणाऱ्या मावशी पदर खोचत बाहेर आल्या.

"काय रे ए! दुपारी जेवलात न्हाई का? भांडी घासून पालथी घातली मी!"

"घंटा झाली ना, मावशी!"

"कशाची घंटा?"

"खिचडीची!"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी डब्याकडे पाहिलं. डब्यावर आमचं चकचकीत स्टिकर होतं: 'एकच राग, दोन घंटा.' खाली तीन बटणं. एकावर वर जाणारा बाण, एकावर खाली जाणारा, आणि मधे एक गोल.

माझे बॉस कदम सर माझ्या कानाशी आले. "मॅडम, हे काय होऊन राहिलं?"

मला हसू येत होतं. भीती वाटली की मला हसू येतं, आणि त्या वेळी मला फार भीती वाटत होती.

कारण उद्या संस्थेचे अध्यक्ष येणार होते. त्यांना सगळे नाना म्हणतात. नानांना ही बेल आवडली तर संस्थेच्या सगळ्या शाळांना आमच्याकडून बेल जाणार होत्या. नाही आवडली तर कदम सर नवीन वस्तू बनवणं बंद करणार होते. हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, रागावून नाही, चहा पिता पिता. "मॅडम, डिझाइन तुमचं झकास हाय. पण ऑर्डर न्हाई आली तं मला फक्त रिपेअरिंगचा माणूस परवडते." रिपेअरिंगचा माणूस आमच्याकडे आधीच होता. म्हणजे मी पुन्हा पुण्याला, हेडफोन लावून लोकांशी दिवसभर बोलायच्या नोकरीला. मला लोकांशी बोलायचं म्हटलं की आधी वाक्य कागदावर लिहून घ्यावं लागतं. हिंगोलीतल्या त्या वर्कशॉपमध्ये खिडकीजवळ माझं टेबल आहे. तिथे दिवसभर कोणाशी न बोलता काम करता येतं. ते टेबल मला सोडायचं नव्हतं.

आमचं काम थोडक्यात सांगते. जिथे जिथे काहीतरी वाजायला हवं, तिथे आम्ही असतो. साखर कारखान्याचा भोंगा, हळदीच्या लिलावाची घंटा, देवळातला आपोआप वाजणारा नगारा. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले. डब्याच्या आत एक छोटी चिप असते. चिपमध्ये गाणं भरलेलं नसतं, फक्त सूचना असतात: अमुक सूर, एवढा वेळ; मग तमुक सूर, तेवढा वेळ. चिप त्या सूचना वाचते आणि स्पीकर वाजतो. त्या सूचना लिहिणं हे माझं काम.

डोंगरकड्याच्या या शाळेला साधी टर्रर्र वाजणारी बेल नको होती. कल्पना तिथल्या संगीताच्या सरांची, जोशी सरांची. शाळा भरताना सूर वर चढावेत, शाळा सुटताना खाली उतरावेत. म्हणजे आरोह आणि अवरोह. दुपारच्या खिचडीला वेगळा सूर. मुलांचे कान आपोआप तयार होतील, असं त्यांचं म्हणणं.

कदम सरांना कल्पना आवडली, पण त्यांनी लगेच काटकसर शोधली.

"मॅडम, चढायचं न् उतरायचं म्हंजे शिडीच ना?"

"हो सर."

"मग शिडी एकच बनवा. सकाळी खालून वर वाचायची, संध्याकाळी वरून खाली. उतरायला दुसरी शिडी कोणी बनवते का?"

मला हे पटलं. मी इंग्लिश मीडियमच्या शाळेत कीबोर्ड शिकले होते. डो रे मी फा सो ला टी डो. वर गेलं की त्याच पायऱ्यांनी खाली. मी प्रोग्राममध्ये एकच यादी लिहिली आणि खाली 'रिव्हर्स' अशी एक ओळ टाकली. पहिल्यांदा जोशी सरांनी राग भूप दिला होता: सा रे ग प ध आणि वरचा सा, म्हणजे सां. उलटा वाचला: सां ध प ग रे सा. अगदी बरोबर. खिचडीसाठी त्यांनी दुपारचा राग म्हणून सारंग दिला, त्याची फक्त उतरती ओळ, मधल्या गोल बटणावर. आठवडाभर बेल सुरळीत वाजली. मुलं सकाळी आली, दुपारी जेवली, संध्याकाळी घरी गेली. कदम सरांनी त्या आनंदात स्टिकर छापून घेतले. पुष्कळ छापले.

मग मुख्याध्यापकांनी भूप बदलायला सांगितला. त्यांना देस पाहिजे होता.

"देस म्हणजे देश," ते म्हणाले. "शाळेला शोभून दिसतं. नानांनासुद्धा सांगायला बरं."

जोशी सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हो सर, अगदी." नंतर जिन्यात मला म्हणाले, "राग रात्रीचा आहे. पण त्यांना कोण सांगणार? आणि सुंदर आहे हो, वाजू दे की." त्यांनी कागदावर आरोह लिहून दिला: सा रे म प नी सां. खाली अवरोह लिहिणार, तेवढ्यात आठवीच्या वर्गातून आरडाओरडा ऐकू आला आणि ते छडी घेऊन तिकडे पळाले. कदम सरांनी कागद उचलला. "एवढं बास. खालचं आपलं रिव्हर्स करते."

त्या रिव्हर्सची पहिली संध्याकाळ म्हणजे ही खिचडीची रांग.

मी रांगेजवळ गेले. मुलांशी बोलणं मला मोठ्यांपेक्षा थोडं सोपं जातं, कारण ती उत्तराची वाट बघत नाहीत.

"तुम्हाला खिचडीची घंटा का वाटली?"

"खिचडीचीच व्हती, मॅडम!" चारपाच जण एकदम ओरडले.

"म्हणून दाखवा."

त्यांनी म्हटली. ताटावर चमचा आपटत, ठेक्यात. सां, नी, प, म, रे, सा. मी तीच ओळ मनात आमच्या उलट्या देसशी लावून पाहिली. सां, नी, प, म, रे, सा. पायरीला पायरी लागत होती. फक्त नी थोडा इकडेतिकडे. तेवढा फरक भुकेलेल्या मुलाला कशाला कळेल?

मी तोंडावर हात ठेवला. हसू आता आवरत नव्हतं. देस चढला होता आणि सारंग होऊन उतरला होता.

"मॅडम, आज दोनदा हाय का खिचडी?" रांगेतली एक मुलगी म्हणाली.

"नाही."

"मग उद्या?"

जोशी सर तोवर धावत आले होते. त्यांनी रांग पाहिली, बेलकडे पाहिलं, आणि पुन्हा एकदा बटण दाबलं. खालचा बाण. सां नी प म रे सा. रांग उत्साहाने एक पाऊल पुढे सरकली. जोशी सर व्हरांड्याच्या पायरीवर बसले आणि पोट धरून हसायला लागले.

"अहो मॅडम! अहो, हा देस नाही! हा तर सारंगाच्या अंगात शिरला!"

मुख्याध्यापक खोलीतून बाहेर आले. "काय झालं? पोरं घरी काहून जाईनात?"

"सर," जोशी सर डोळे पुसत म्हणाले, "आपण त्यांना जेवायला बोलावलंय."

मुलांना तोंडाने ओरडून घरी पाठवावं लागलं. मावशी शेवटपर्यंत पुटपुटत होत्या, "आता उद्या सकाळी घंटा झाली न् पोरं घरला गेली तं मला सांगू नका."

त्यानंतर आम्ही तिघे संगीताच्या खोलीत बसलो. मी, कदम सर आणि जोशी सर. जोशी सरांनी पेटी ओढली, भाता हलवला.

"हे बघा. देस वर जाताना ग आणि ध घेत नाही." त्यांनी वाजवलं: सा रे म प नी सां. "एसटी कशी जाताना जलद असते? मधली दोन गावं सोडून बायपासनं निघून जाते. आता परत येताना बघा." त्यांनी वाजवलं: सां नी ध प म ग रे. "येताना सगळ्या गावांत थांबते. ध ला पण थांबली, ग ला पण थांबली. तुम्ही काय केलंत? येतानासुद्धा बायपासनंच आणली. मग पोरांना वाटलं, ही आपली गाडीच नाही."

"पण स्टॉप तेच ना, सर?" कदम सर म्हणाले.

"नाही ना! नी सुद्धा वेगळा. वर जाताना शुद्ध, खाली येताना कोमल." कोमल म्हणजे तोच सूर जरासा खाली उतरवलेला, नरम. जोशी सरांनी दोन्ही पट्ट्या वाजवून दाखवल्या. शेजारी शेजारीच होत्या, एक पांढरी, एक काळी. "मी हेडसरांच्या केबिनमध्ये पगारवाढ मागायला जातो ना, तेव्हा माझी मान कशी असते? ताठ. आणि बाहेर येतो तेव्हा?"

त्यांनी मान खाली घालून दाखवली. मला ठसकाच लागला.

कदम सर मात्र हसले नाहीत. ते बोटांवर मोजत होते. "म्हंजे वर पाच पायऱ्या न् खाली सात. बराबर?"

"थांबा, अजून संपला नाही." जोशी सरांनी पुन्हा पेटीवर बोटं ठेवली. "रे पर्यंत आला की सरळ सा वर येत नाही. परत ग वर जातो, मग खालच्या नी ला शिवतो, आणि मग सा." त्यांनी वाजवलं: म ग रे, ग नी सा. घरासमोर येऊन कोणीतरी अंगणात एक गिरकी घ्यावी आणि मग उंबऱ्यात पाय ठेवावा, तसं वाटलं मला.

कदम सर अविश्वासाने पेटीकडे बघत होते. "उतरून राहिला होता ना? मग परत चढून काहून राहिला?"

"देस आहे तो, साहेब. त्याची चाल तशी आहे."

"आन् मधेच खालच्या मजल्यावर गेला!"

"गेला."

"मग वर आला."

"आला."

कदम सर माझ्याकडे वळले. "मॅडम, ही शिडी न्हाई. हे तं घसरगुंडी न् पाळणा हाय."

मी लॅपटॉप उघडला. खरं तर मला आतून प्रचंड आनंद होत होता. मला वाटत होतं तेवढं ते कठीण नव्हतं. चिपमध्ये जागा भरपूर होती. मी 'रिव्हर्स' ही ओळ पुसली आणि खाली दुसरी यादी लिहायला घेतली. अवरोहाची स्वतःची यादी.

"मग स्टिकरचं काय?" कदम सरांनी विचारलं.

"स्टिकर खोटं नाही सर," मी म्हणाले. "शाळा भरायचा-सुटायचा राग एकच आहे. त्याच्या घंटा दोनच आहेत. खिचडीची वेगळी."

त्यांनी हे मनात फिरवून पाहिलं. "शिडी मात्र दोन."

"हो."

"ते आत हाय ना? आतलं कोण बघते?" आणि ते एकदम खूश झाले.

यादी लिहून झाली की चुकलंय का हे बघायला सूर म्हणून बघावे लागतात. मी एकटी असते तेव्हा गुणगुणते. इथे दोन माणसं बसली होती. मी फक्त ओठ हलवले. जोशी सरांनी ते पाहिलं. "मॅडम, मोठ्यानं म्हणा की, आवाज चांगला दिसतोय तुमचा."

आवाज दिसतो कसा, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मी म्हटलं, "सर, पेटीवर चेक करते." आणि विषय तिथेच मिटवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परिपाठाच्या वेळी जोशी सरांनी सगळ्या शाळेला नवीन घंटा शिकवली. वरचा बाण म्हणजे या. खालचा बाण म्हणजे जा. मुलांनी दोन्ही ओळी पाठ केल्या. उतरती ओळ त्यांनी फारच मन लावून पाठ केली. शेवटची ती गिरकी, ग नी सा, तिच्यावर पाचवीची मुलं स्वतःभोवती गोल फिरत होती. मी सगळ्यांच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून बघत होते. दुपारी खिचडीची घंटा झाली, मुलं जेवली, मावशींनी मला मुद्दाम वाटीत खिचडी आणून दिली. "खा. पण आता संध्याकाळी बोलवू नका."

नाना शाळा सुटायच्या थोडं आधी आले. उंच, पांढऱ्या कपड्यांतले, आवाज असा की त्यांना माईकची गरज नव्हती, तरी माईक होता. व्हरांड्याचंच स्टेज केलं होतं आणि समोर मैदानावर मुलं वर्गवार बसवली होती. दप्तरं मांडीवर, कारण कार्यक्रम झाला की थेट घरी जायचं होतं. ठरलेला क्रम असा: स्वागत, नानांचं भाषण, मग नानांच्या हस्ते बटण, मग शाळा सुटणार.

नानांनी भाषणाचा कागद काढला. चांगला जाड होता. मग त्यांची नजर डब्यावर गेली.

"हीच का ती?"

"हो नाना," मुख्याध्यापक म्हणाले. "राग देस. म्हणजे देश."

"वा! बघू तरी कशी वाजते."

"नाना, ती भाषणानंतर—"

नानांनी बटण दाबलं. खालचा बाण.

सां नी ध प, म ग रे, ग नी सा.

देस इतका सुंदर उतरला की एक क्षण मलाच भरून आलं. ध ला थांबला, ग ला थांबला, नी कसा नरम, शेवटी ती गिरकी. मला वाटलं, बास, जमलं.

आणि मग मैदान उठलं.

मी आजवर कुठलीही वस्तू इतकी बरोबर काम करताना पाहिलेली नाही. एका सेकंदात सगळी दप्तरं पाठीवर होती. पाचवीच्या मुलांनी एक गिरकी घेतली आणि सुटली. सहावी त्यांच्या अंगावरून गेली. धूळ उडाली. कुठेतरी एक चप्पल हवेत दिसली. मुख्याध्यापक "बसा! बसा!" ओरडत होते, पण त्यांच्या 'बसा'ला काही सूर नव्हता. जोशी सर गेटकडे धावले, हात पसरून, कबड्डीतल्यासारखे. मुलं त्यांच्या हाताखालून गेली.

स्टेजवर नाना एकटे उभे होते. हातात भाषण. समोर मैदान, आणि मैदानावर एक विसरलेलं ताट.

"हे पोरं कुठं चालले?" नानांनी विचारलं.

"घरी, नाना," मुख्याध्यापक म्हणाले.

"काहून?"

मला पुन्हा हसू यायला लागलं. म्हणजे भीती किती वाटत होती, याचा अंदाज करा. मला माझं खिडकीजवळचं टेबल दिसायला लागलं, त्याच्यावर दुसरं कोणीतरी बसलेलं.

कदम सरांनी मला ढकललं. "मॅडम, वरचा दाबा! वरचा! चढता!"

अगदी बरोबर. खालचा म्हणजे जा, वरचा म्हणजे या. मी धावत डब्याजवळ गेले आणि वरचा बाण दाबला.

काही वाजलं नाही.

पुन्हा दाबला. डब्यावरचा लाल दिवा विझलेला होता. वर पाहिलं तर व्हरांड्यातला पंखा हळूहळू थांबत होता. लाइट गेली होती.

"बॅटरी?" मी विचारलं.

"बॅटरीचं मॉडेल आपण पुढं काढणार होतो ना," कदम सर पडक्या आवाजात म्हणाले. मग त्यांचं लक्ष मुख्याध्यापकांच्या खोलीकडे गेलं. दाराशी खुंटीला हातात धरायचा भोंगा टांगलेला होता, खेळाच्या तासाला वापरतात तो, सेलवर चालणारा. त्यांनी तो काढला आणि माझ्या हातात कोंबला.

"म्हणा."

"सर, मी?"

"मग मी म्हणू? मी म्हणलो तं राहिलेले पण पळतील."

"जोशी सर आहेत ना."

"जोशी सर गेटात हायेत, पोरांच्या पायाखाली! मॅडम, म्हणा हो, लवकर, निघून राहिले सगळे!"

मी भोंगा तोंडाला लावला. बटण दाबलं. त्यातून आधी एक कर्कश किंचाळी निघाली आणि नाना दचकले. मी डोळे मिटले, आणि शब्द बोलायचे नाहीत, फक्त सूर आहेत, असं स्वतःला सांगितलं. बोलायचं असतं तर मला जमलंच नसतं.

सा. रे. म. प. नी. सां.

वरचा सां लागला. थोडा थरथरत, पण लागला. डोळे उघडले तर गेटमधली गर्दी थबकलेली होती. मुलं वळून बघत होती. रस्त्यावर गेलेली काही परत गेटात डोकावत होती. माझ्याकडे नाही, डब्याकडे बघत होती. त्यांना वाटलं, घंटाच वाजली.

"पुन्हा!" कदम सर ओरडले.

मी पुन्हा म्हटलं. सा रे म प नी सां. या वेळी मोठ्याने. गेटातून जोशी सरांनी खालून सूर धरला, मग पाचवीच्या मुलांनी धरला, आणि ती सगळी वरात तेच सूर म्हणत, दप्तरं हलवत, परत मैदानात आली. सगळी नाही. वाडीची मुलं एव्हाना ओढा ओलांडून गेली असणार. पण बरीच आली. येऊन वर्गवार बसली, धापा टाकत, माझ्याकडे बघत. कोणीतरी म्हणालं, "बेलवाल्या मॅडम स्वतःच बेल हायेत!" मैदान हसलं. मी पण हसले, भोंग्यातूनच, कारण बटण सोडायचं राहिलं होतं. माझं हसणं साऱ्या डोंगरकड्याने ऐकलं असणार.

मुख्याध्यापक नानांच्या चेहऱ्याकडे बघत होते, कदम सर मुख्याध्यापकांच्या, आणि मी जमिनीकडे.

नानांनी भाषणाचा कागद घडी करून खिशात ठेवला.

"पोरांनो," ते म्हणाले, "मी आज लांबलचक बोलणार होतो. पण तुमाला घरी जायची किती घाई हाय ते मी बघितलं. अभ्यास करा. बास."

टाळ्यांचा एवढा कडकडाट त्यांना कुठल्याच भाषणाला मिळाला नसेल. मग ते माझ्याकडे वळले. मी भोंगा पाठीमागे लपवला.

"म्याडम, ते उतरतं वाजलं की पोरं पळतात?"

"हो नाना."

"न् चढतं वाजलं की येतात?"

"हो."

"मग ते चढतं एक मला आमच्या सोसायटीच्या मीटिंगला पाहिजे. सभासद चहा झाला की पळून जातात." ते कदम सरांकडे वळले. "अन् शाळांना सगळ्या लावून टाका. पण बॅटरी घाला हो त्याच्यात. दर शाळेला या म्याडमला पाठवून कसं जमंल?"

परतीच्या वाटेवर, वारंगा फाट्याला चहा घेताना, कदम सर बाकावर बोटाने वर-खाली रेघा ओढत बसले. मग एकदम म्हणाले, "मॅडम, ते ग नी सा... उतरता उतरता परत चढते ते... परत एकदा म्हणा बरं." मी टपरीवर, चहावाल्यासमोर, म्हटलं. हळूच, पण म्हटलं. कदम सरांनी मान डोलावली. "आता बराबर वाटून राहिलं. आधी मला वाटलं, पोरगं वाट चुकून राहिलं."

नंतर मी थोडं वाचलं. पाश्चात्त्य संगीतातही एक मायनर स्केल, म्हणजे सुरांची शिडी, आहे, जी चढताना वेगळ्या सुरांनी चढते आणि उतरताना वेगळ्या सुरांनी उतरते. मला शाळेत कीबोर्ड शिकवला, पण तिथवर पोहोचायच्या आधी ॲन्युअल डे झाला आणि सगळे त्यातच रमले.

आता आमची बेल बऱ्याच शाळांत वाजते. बॅटरी आहे. स्टिकर अजून तेच आहे, कारण छापलेले संपत नाहीत. आत मात्र प्रत्येक रागासाठी दोन याद्या असतात. भूपसाठीसुद्धा, जिथे गरज नाही तिथेही, कारण माझा आता शिड्यांवर विश्वास राहिलेला नाही. खिडकीजवळचं टेबल माझंच आहे.

नवीन शाळेतून कोणी ऑर्डर द्यायला आलं की कदम सर त्यांना माझ्याकडे पाठवतात. मला अजूनही जास्त बोलता येत नाही, पण दोन प्रश्न मी न चुकता विचारते. पहिला: उतरताना कुठे कुठे थांबायचं? आणि दुसरा: तुमच्या खिचडीची घंटा कोणती?